तृतीय पाद : परिचारकाची दृष्टी आणि रुग्णाचे वय

चिकित्सेचे चार पाद आपणां सर्वांस मुखोद्गत आहेत. वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी यांपैकी उपस्थात्याविषयी मात्र आपल्या चर्चासत्रांत क्वचितच बोलले जाते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात त्याचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. यांपैकी पहिल्या दोन गुणांचा संगम म्हणजेच परिचर्येतील निर्णयक्षमता, असे आम्ही मानतो. परिचर्याशास्त्राच्या अमेरिकी अभ्यासक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ साली या निर्णयप्रक्रियेचे चार टप्पे मांडले : लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि केलेल्या कृतीकडे पुन्हा पाहणे. यांतील पहिला टप्पा चुकला, तर पुढील तिन्ही निरर्थक ठरतात. आणि नेमके काय लक्षात यावयास हवे, हे रुग्णाच्या वयावर अवलंबून असते.

तोच अतिसार, दोन रुग्ण

अतिसाराचेच उदाहरण घेऊ. दहा किलो वजनाच्या बालकाच्या शरीरातून अर्धा लिटर जलांश गेला, तर ती वजनाच्या पाच टक्के हानी होय. साठ किलोच्या प्रौढात तेवढीच हानी एक टक्क्याहूनही कमी भरते. म्हणून प्रौढास सकाळपर्यंत थांबता येईल, पण बालकास थांबता येईलच असे नाही.

शिवाय बालकाचे शरीर हृदयगती वाढवून व रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब बराच काळ सावरून धरते. रक्तदाब उतरतो तो अगदी शेवटी. त्यामुळे ‘रक्तदाब ठीक आहे’ या एका नोंदीवर विसंबणे बालकांत धोक्याचे ठरते. थंड पडलेले हातपाय, खोल गेलेले डोळे, पोटावरील त्वचेची चिमटीत धरलेली घडी सावकाश खाली बसणे आणि घटलेले मूत्र ही लक्षणे आधी बोलतात. रडणारे मूल गप्प झाले म्हणजे त्यास बरे वाटले, असा अर्थ घाईने लावू नये. ते हाकेस ओ देते काय, पाणी पिते काय, हे पाहिल्याशिवाय परिचारिकेने तेथून हलू नये.

न बोलणारा रुग्ण

काश्यपसंहितेतील वेदनाध्याय हा या विषयातील आपला अमोल वारसा आहे. बोलू न शकणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या हालचालींवरून कशी ओळखावी, हे तेथे अवयवपरत्वे सांगितले आहे. कर्णवेदनेत बालक हातांनी कानास स्पर्श करते, हे त्यांतील एक निरीक्षण. याच परंपरेत आज श्वासगणनेची भर घालावयास हवी. बालक शांत असता पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बालकात ६०, दोन ते बारा महिन्यांपर्यंत ५० आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास आढळल्यास तो शीघ्रश्वास समजावा. काही न पिणे, सर्वच ओकून टाकणे, आचके येणे किंवा सुस्ती व बेशुद्धी यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

वृद्ध रुग्ण बोलतो, परंतु त्याचे शरीर पुष्कळदा मौन पाळते. तहान मंदावलेली असते. त्वचा मुळातच सैल असल्याने चिमटीची परीक्षा फसते. फुप्फुसदाहातही ज्वर नसू शकतो. काल नातवंडांना ओळखणारे आजोबा आज असंबद्ध बोलू लागले, एवढेच लक्षण पुढे येते. ‘वय झाले’ म्हणून ते सोडून न देता श्वासगती, जिव्हा, मूत्रप्रमाण आणि मधुमेही असल्यास रक्तशर्करा तत्काळ पाहावी. मूत्रल औषधे चालू असल्यास अधिकच सावध राहावे.

औषधविक्रेत्यांसाठी

अनेक कुटुंबांचा पहिला उपस्थाता औषधालयातच भेटतो. ‘जुलाब थांबवायचे औषध द्या’ अशी मागणी झाली की प्रथम वय विचारावे, मग मूल पाणी पिते काय आणि शेवटची लघवी केव्हा झाली, हे विचारावे. आमावस्थेत स्तंभन निषिद्ध आहे, हे आपले शास्त्र सांगतेच. आतड्याची गती रोखणारी आधुनिक औषधेही लहान मुलांस देऊ नयेत. क्षारसंजीवनीचे पाकीट एक लिटरचे की २०० मिलिलिटरचे, हे प्रत्येक वेळी बोलून सांगावे. मोठे पाकीट पेलाभर पाण्यात कालवल्यास मीठ अपायकारक होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानक प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावांत ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. गोड पेय हे क्षारसंजीवनीच्या जागी देऊ नये, हा त्यामागील आशय आपण ग्राहकापर्यंत पोहोचवावा.

वैद्याचे कर्तव्य

आपल्या लहान रुग्णालयांतून रात्रीचा भार बहुधा एकट्या परिचारिकेवर असतो. तिच्या लक्षात आले, पण वैद्यास उठवावे की नाही या संकोचात तास गेला, तर तो दोष तिच्या ज्ञानाचा नसून आपल्या व्यवस्थेचा आहे. यासाठी आम्ही तीन गोष्टी सुचवितो. कोणती लक्षणे दिसताच वैद्यास उठवायचे, याची वयोगटानुसार लेखी यादी भिंतीवर असावी. नोंदवहीत ‘ठीक’ हा शब्द न लिहिता श्वास, नाडी, पान व मूत्र यांचे आकडे वेळेसह लिहावेत. आणि अनाठायी उठविले गेले, तरी वैद्याने रोष न धरता रुग्ण पाहावा. एकदा रागावलेल्या वैद्यास परिचारिका दुसऱ्यांदा उठवीत नाही आणि त्याचे मोल रुग्णास चुकवावे लागते.

चार पादांपैकी एक पंगू असता उरलेले तीन चिकित्सेस कोठवर नेणार? तृतीय पाद सबळ करणे हे आपल्याच हाती आहे.