हैदराबादेत मुलामुलींना घेऊन मुक्काम करताय? रूम बुक करण्याआधी हे वाचा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आदिलाबाद, बेला, उटनूर आणि सीमेपलीकडे किनवट-माहूरच्या घरांत एकच धावपळ सुरू होते. प्रवेश, कौन्सेलिंग, कोचिंगची चौकशी, नाहीतर दवाखाना. वडील किंवा आई, सोबत पंधरा-सतरा वर्षांचं लेकरू आणि शहरात एक-दोन रात्रींचा मुक्काम. अशा वेळी बहुतेक जण आधी रेट पाहतात. खरं तर आधी पाहायचं ते सकाळी कुठे पोहोचायचं आहे.

जागा कामाप्रमाणे ठरवा

आदिलाबादहून हैदराबाद रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर. बसने गेलात तर जेबीएस किंवा एमजीबीएस, रेल्वेने गेलात तर सिकंदराबाद किंवा काचीगुडा. म्हणून सगळे स्टँड-स्टेशनजवळच लॉज घेतात. पण काम कुकटपल्लीच्या जेएनटीयूत असेल तर सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास सहज जातो, ऑटोचे पैसे वेगळेच. त्यापेक्षा मेट्रो स्टेशनपासून पायी जाता येईल अशी रूम पाहा. जेबीएस ते एमजीबीएस ग्रीन लाईन आहे, तर मियापूर ते एल. बी. नगर ही रेड लाईन जेएनटीयू आणि अमीरपेटवरून जाते. दोन्ही लाईन एमजीबीएसला मिळतात. मराठी बोलणारं कुणी जवळ हवं असेल तर काचीगुडा, सुलतान बाजार, कोठी हा जुना भाग आहेच.

नागपूरला जाणाऱ्यांनाही हेच लागू. गणेशपेठ स्टँडजवळची रूम सोयीची वाटते, पण मेट्रोच्या दोन्ही लाईन सीताबर्डीला मिळतात, हे ध्यानात ठेवा.

फोनवर चार प्रश्न

ॲपवर फोटो पाहून पैसे भरू नका. थेट रिसेप्शनला फोन लावा.

१. चेक-इन किती वाजता? रात्रीच्या बसने निघालात तर पहाटे उतरता. दुपारी १२ चा नियम असेल तर सामान घेऊन बसा, नाहीतर जास्तीचा दिवस भरा. काही लॉजमध्ये आलेल्या वेळेपासून २४ तास धरतात, ते परवडतं.

२. दोन वेगळे बेड आहेत का? बाप आणि वयात आलेली मुलगी, किंवा आई आणि मोठा मुलगा असेल तर हा प्रश्न संकोच न करता विचारा. एक्स्ट्रा गादीचे पैसे किती, तेही.

३. टॅक्स धरून एकूण किती? दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे १,२०० ची रूम १,२६० ला पडते.

४. खाली बार किंवा फंक्शन हॉल आहे का? दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर रात्रीची झोप महत्त्वाची.

कागदपत्रं दोघांचीही

सगळ्यात जास्त अडचण इथेच येते. आई-वडिलांचं आधार असतं, लेकराचं घरी राहतं. रात्री अकरा वाजता काउंटरवर "ही तुमची कोण?" असं विचारलं की बाप खजील होतो आणि पोरगी त्याहून जास्त. आधारवर बहुधा वडिलांचं नाव असतं. आईसोबत जात असाल तर जन्म दाखल्याची झेरॉक्स ठेवा, त्यावर दोघांची नावं असतात. बुकिंग करतानाच "सोबत माझी मुलगी आहे, वय सोळा" असं स्पष्ट सांगा. झेरॉक्स द्यायची तर मास्क्ड आधारची द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

रूमवर गेल्यावर

ॲडव्हान्स देण्याआधी रूम पाहा. आतली कडी, खिडकी, बाथरूमचं दार, नळाला पाणी आणि अभ्यासापुरता उजेड. लेकरालाही विचारा, "इथे बरं वाटतंय का?" त्याला नको वाटत असेल तर दुसरी रूम मागा. लॉजचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घरी कळवून ठेवा आणि मुलांच्या मोबाईलमध्येही टाका. आई-वडील औषध आणायला खाली गेले तरी त्याला कुणाला फोन करायचा हे माहीत पाहिजे. काही गैर वाटलं तर ११२ आहेच.

शे-दोनशे रुपये वाचवायला लांबची रूम घेऊन सकाळी पेपरला उशीर झाला, तर त्या बचतीला अर्थ उरत नाही.