सातारा-सांगली आणि बुडबुड्यांचं शास्त्र : 8 चटपटीत गोष्टी

कडक बिअर बाटलीत भरली, महिनाभर थांबलो, झाकण उघडलं आणि साधं ‘फुस्स’ही नाही! जगभरच्या हौशी ब्रूअरांची ही नेहमीची तक्रार. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे, त्यामुळे प्रयोग नको. पण यामागचं शास्त्र समजून घ्यायला सातारा-सांगलीइतका छान मुलूख नाही.

1. यीस्ट दमतं. फेसाचा वायू यीस्टच साखरेतून तयार करतं, पण बहुतेक बिअर-यीस्ट 8 ते 12 टक्के अल्कोहोलपर्यंतच तग धरतं. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतही मळी आंबवून साधारण तेवढाच अल्कोहोल मिळतो, पुढचा कडकपणा ऊर्ध्वपातनाने येतो. म्हणून कडक बिअर बाटलीत भरताना ताजं, दणकट यीस्ट घालतात.

2. चार ग्रॅमची ताकद. लिटरमागे 4 ग्रॅम साखर आंबली की बंद बाटलीत सुमारे 1 वातावरण दाब वाढतो. शॅम्पेनसाठी 24 ग्रॅम घालतात, म्हणजे दाब जवळपास 6 वातावरणं. मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त! ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या ‘ओमर खय्याम’ या फेसाळ वाइनने बाटलीत फेस धरण्याचं हे तंत्र महाराष्ट्रात रुजवलं. साध्या बाटलीत एवढा दाब म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

3. बेदाणा सांगतो, ‘तयार!’ इंग्लंडमध्ये घरगुती आल्याच्या पेयाच्या बाटलीत दोन-चार बेदाणे टाकायची पद्धत होती. सुरकुत्यांत बुडबुडे अडकले की बेदाणा वर तरंगतो, म्हणजे फेस धरला. तासगावचा बेदाणा ताज्या सोड्यात टाकून बघा, मुलं खूश होतील.

4. मध असून उपाशी. मांघर हे महाबळेश्वरजवळचं ‘मधाचं गाव’. मधात साखर भरपूर, पण यीस्टला लागणारं नत्र अगदी कमी. म्हणून मधाचं मद्य आंबता आंबता अडकतं. पोषण दिलं की गाडी पुन्हा चालू!

5. हरिपूरची पेवं. कृष्णा-वारणा संगमावरच्या हरिपुरात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. आत प्राणवायू कमी, म्हणून माल टिकतो. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, आधी हवा खेळू देत. मुरणाऱ्या बिअरचाही मोठा शत्रू प्राणवायूच. तो आत शिरला की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो.

6. आधी ऊब, मग गारवा. फेस धरेपर्यंत यीस्टला 20 ते 25 अंशांची ऊब लागते. महाबळेश्वरच्या हिवाळ्यात ते झोपी जाईल. पण पुढे मुरायला मात्र गारवाच हवा, सांगलीचा चाळीशीतला उन्हाळा चव लवकर बिघडवतो.

7. गोटी सोड्याचं माहेर. 1767 साली लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपावरचा वायू त्याने पाण्यात मिसळला आणि सोडावॉटर जन्मलं. 1872 मध्ये हायरम कॉडने गोटीच्या बाटलीचं पेटंट घेतलं. जत्रेतला गोटी सोडा याच घराण्यातला.

8. बी नाही, तर मुरणं नाही. पलूसला कृष्णा व्हॅली वाइन पार्क आहे, पण सांगलीची खायची द्राक्षं मुख्यतः बिनबियांची. रेड वाइनला वर्षानुवर्षं मुरायला बळ देणारं टॅनिन येतं जाड सालीतून आणि बियांतून. त्यामुळे वाइनची द्राक्षं वेगळी लावावी लागतात. कडक बिअरला हे बळ अल्कोहोल, माल्ट आणि हॉप्स देतात.

थोडक्यात, फेस नसेल तर हौशी ब्रूअरांचा उपायांचा क्रम ठरलेला आहे: बाटली उबेत ठेवा, काही आठवडे थांबा, तरीही नाही तर ताजं यीस्ट घाला. वरून साखर ओतणं ही सर्वांत धोक्याची घाई. दमलेलं यीस्ट ती खात नाही आणि पुढे जागं झालं, तर बाटली फोडतं!