अर्धी मिटलेली मूठ

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या रानात पूर्वी पेरणीला तिफणीमागे सरतं बांधलेलं असायचं. सरतं म्हणजे बांबूची एक पोकळ नळी, वर वाटीसारखं तोंड. बैलांमागून एक बाई चालायची. एका हातात सरतं सरळ धरलेलं, दुसऱ्या हाताच्या मुठीतून तुरीचं बी त्या तोंडात सुटत राहायचं. बैल झपझप निघाले की मूठ सैल, बैल रेंगाळले की मूठ आवळलेली. धुरा जवळ आला, बैल वळणार असं दिसलं, की वळणाच्या दोन पावलं आधीच मूठ बंद. कुठे बी दाट पडलं तर रोपं एकमेकांचा गळा धरतात, विरळ पडलं तर नांगे भरत बसावं लागतं. एकरभर रानात ही बाई एकदाही हिशेब तोंडानं बोलत नसे. हिशेब मुठीत होता.

ही मूठ मला पुन्हा भेटली ती यंत्रमानवाच्या नियंत्रकात. कारखान्यात त्याला कुणी यंत्रमानव म्हणत नाही, रोबो म्हणतात, आणि तेच बरं आहे. त्याच्यात मानवासारखं काही नाही. सहा सांध्यांचा एक हात, शेजारी कपाटाएवढा कंट्रोलर आणि वायरीच्या टोकाला टीच पेंडंट नावाची जाडजूड पाटी. या पाटीवरून हाताला वाट शिकवायची. बिंदू नोंदवायचे, बिंदूंमधला वेग सांगायचा. मग तो हात तीच वाट दिवसाला हजार वेळा न कंटाळता चालतो. १९६१मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक रोबो कामाला लागला. तेव्हाही त्याचं काम हेच होतं: साच्यातून निघालेले तापलेले तुकडे उचलून ठेवणे.

उचलण्या-ठेवण्याच्या कामात वेगाचा फार गुंता नसतो. गुंता सुरू होतो तो रोबोच्या हातात काही वाहतं आलं की. गाडीच्या पत्र्याच्या सांध्यावर सीलंट, काचेच्या कडेला चिकट द्रव, दारावर रंग. इथे सरत्याचा प्रश्न उभा राहतो. समजा, चार मिलिमीटर जाडीची सीलंटची गोल दोरी, कामगारांच्या भाषेत ‘बीड’, टाकायची आहे आणि हात सेकंदाला २५० मिलिमीटर सरकतो आहे. म्हणजे गनमधून सेकंदाला सुमारे ३.१४ मिलिलिटर माल सुटला पाहिजे. आता कोपरा आला. कुठलाही हात, माणसाचा असो की पोलादाचा, कोपऱ्यावर वेग कमी करतो. हात १०० मिलिमीटरवर आला आणि माल मात्र तेवढाच सुटत राहिला, तर त्या जागी अडीचपट माल साचतो, चारची दोरी सहा मिलिमीटरहून जाड होते. वर पत्रा दाबला की ते बाहेर फुगतं आणि मग कुणीतरी चिंधी घेऊन पुसत बसतं. कोपऱ्यावर १.२६ मिलिलिटरच सुटायला हवा होता.

हे काम करतो तो ॲनालॉग आउटपुट. नाव मोठं आहे, वस्तू साधी: कंट्रोलरमधून पंपाकडे जाणारी एक तार आणि तिच्यावरचा विजेचा दाब. डिजिटल तारेला ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलता येतं. ही तार ‘किती’ ते सांगते. सेकंदाला ५०० मिलिमीटरला १० व्होल्ट असं ठरवलं, तर २५०ला ५ व्होल्ट, १००ला २ व्होल्ट. हाताचं टोक ज्या वेगानं सरकतं, त्याच प्रमाणात तारेवरचा दाब चढतो-उतरतो आणि पंप तेवढाच माल सोडतो. एबीबीच्या रोबोत यासाठी ‘ट्रिगस्पीड’ नावाची आज्ञा आहे, कुकाच्या रोबोत ‘एनआउट ऑन’. नावं वेगळी, मूठ एकच.

पण दोन जागी नवखा हमखास फसतो. पहिली जागा म्हणजे कुठला वेग? प्रोग्राममध्ये लिहिलेला वेग आणि प्रत्यक्षातला वेग एक नसतात. पेंडंटवर ओव्हरराइड नावाची टक्केवारी असते. चाचणीसाठी ती ५० टक्क्यांवर आणली की हात निम्म्या वेगानं चालतो. व्होल्टेज जर लिहिलेल्या वेगाला बांधलं असेल, तर बीड दुप्पट पडतं आणि पोरगा गन उघडून नोझल बदलत बसतो. दोष नोझलमध्ये नसतोच. व्होल्टेज टोकाच्या खऱ्या वेगाला बांधायचं असतं.

दुसरी जागा उशिराची. सीलंट घट्ट असतं. तारेवर दाब बदलला की पंपानं तो ओळखून प्रवाह बदलेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग गेला असं धरा. तेवढ्यात २५०च्या वेगानं हात २५ मिलिमीटर पुढे निघून गेलेला असतो. म्हणून संकेत आधी सोडावा लागतो. कंट्रोलरला ते जमतं, कारण पुढची वाट त्याला ठाऊक असते. कोपरा येण्याआधीच तो मंद होणार हे त्यानं गणलेलं असतं आणि त्या गणिताचा आकडा तो तेवढा वेळ आधी तारेवर ठेवतो. सरत्यामागची बाई धुरा पाहून दोन पावलं आधी मूठ मिटायची, ती हीच आज्ञा. तिला ती कुठल्या पुस्तिकेत वाचावी लागली नव्हती, एवढाच फरक.

आता दुसऱ्या मुठीकडे येतो. ती पेंडंट धरणाऱ्या माणसाची असते आणि माझ्या मते जास्त मोलाची.

पेंडंटच्या मागच्या बाजूला, बोटं जिथे विसावतात तिथे एक पट्टी असते. तिला डेडमॅन स्विच म्हणतात. नाव भयंकर आहे, काम जीव वाचवण्याचं. पट्टी सोडलेली असली तर रोबो हलत नाही. हलके दाबून मध्यावर धरली तरच हलतो. आणि करकचून आवळली तरी थांबतो. या तिसऱ्या पायरीमागे मोठा अनुभव आहे. घाबरलेला माणूस दोनच गोष्टी करतो: हातातलं टाकून देतो किंवा घट्ट आवळतो. विजेचा झटका बसला तर स्नायू आवळतातच, सोडता येत नाही. नुसतं सोडल्यावर थांबणारा स्विच अशा वेळी थांबत नाही, उलट दाबलेलाच राहतो. म्हणून रोबो शिकवणाऱ्याची मूठ अर्धी मिटलेली असावी लागते, ना सुटलेली, ना आवळलेली. पहिल्या आठवड्यात या एका गोष्टीनं बोटं भरून येतात. काही कारखान्यांत कंटाळलेले लोक या पट्टीला चिकटपट्टी गुंडाळून ठेवतात. तसं करणाऱ्याला पेंडंट देऊ नये, मग तो कितीही हुशार असो.

शिकवताना रोबो टी-वन या मोडमध्ये असतो. या मोडमध्ये हाताचं टोक सेकंदाला २५० मिलिमीटरपेक्षा जास्त वेगानं जाऊ शकत नाही, प्रोग्राम काहीही म्हणो. रोबोच्या सुरक्षेचं आयएसओ १०२१८ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९२पासून आहे, पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या, आणि हा २५०चा आकडा त्यात टिकून आहे. त्यामागचा हिशेब साधा. माणूस दचकून हात मागे घेईपर्यंत अर्धा सेकंद धरला, तर तेवढ्यात रोबो साडेबारा सेंटिमीटर पुढे येतो. तोच रोबो पूर्ण वेगात, सेकंदाला दोन मीटरनं चालत असता तर एक मीटर आला असता.

वेग कमी असला की माणूस निर्धास्त होतो आणि उभा रोबो दिसला की जास्तच. उभा रोबो आणि बंद रोबो यांत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर आहे. उभा रोबो बहुतेक वेळा वाट पाहत असतो. पट्ट्यावरून पुढचा तुकडा यायचा आहे, सेन्सरला तो दिसायचा आहे. तुकडा अडकला आहे म्हणून कुणीतरी आत शिरतं, तुकडा मोकळा करतं. सेन्सरला तुकडा दिसतो. रोबो निघतो.

२५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत मिशिगनमधल्या फोर्डच्या ओतकाम कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स नावाचा पंचवीस वर्षांचा कामगार मांडणीवर चढून सुटे भाग काढत असताना रोबोच्या हाताचा फटका बसून गेला. रोबोच्या हातून गेलेला जगातला पहिला माणूस म्हणून त्याची नोंद आहे. १९८१मध्ये जपानमधल्या आकाशीच्या कावासाकी कारखान्यात केंजी उरादा दुरुस्तीसाठी आत गेले. कुंपणाचं दार उघडलं असतं तर वीज आपोआप तुटली असती. त्यांनी कुंपण ओलांडलं. आपल्याकडे ऑगस्ट २०१५मध्ये हरियाणातल्या मानेसरच्या एका कारखान्यात चोवीस वर्षांचा तरुण पत्रा नीट करायला रोबोच्या पाठीमागून गेला आणि परतला नाही.

कुंपणाची गोष्ट चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ताडोबाच्या जंगलाभोवतीच्या गावांत शेताला सौर कुंपण असतं. रानडुक्कर आत येऊ नये, पीक वाचावं म्हणून. कुणी चोरून थेट लाइनची वीज तारेत सोडतो, तेव्हा त्या तारेवर वाघ मरतो, कधी शेजारचा शेतकरीही. रोबोचं कुंपण याच्या उलट. ते माणसाला बाहेर ठेवतं, आणि त्याची वीज तारेत नसून दारात असते. दार उघडलं की दोन वेगवेगळ्या वाटांनी संकेत जातो आणि मोटारींची वीज तुटते. एक वाट बिघडली तरी दुसरी काम करते. दाराच्या स्विचला जंपर मारून ठेवणं म्हणजे कुंपण काढून टाकणंच.

ॲनालॉगच्या तारेवर सुरक्षेचं काम कधीही सोपवायचं नसतं, हेही याच जागी सांगायला हवं. शून्य ते दहा व्होल्टच्या तारेवर शून्य दिसलं, तर हात थांबला आहे की तार तुटली आहे हे तारेला सांगता येत नाही. म्हणून मोठ्या कारखान्यांत ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह वापरतात. ४ म्हणजे शून्य काम, आणि खरा शून्य आला तर तार मेली. ही युक्ती मला फार आवडते. गप्प असणं आणि मेलेलं असणं यांत फरक करणारी तार.

आमच्या भागात रोबो फारसे नाहीत, हे मान्य करून टाकतो. गाड्यांचे कारखाने चाकण-रांजणगावला आहेत. पण वेगाला बांधलेली मूठ इथे कितीतरी वर्षं राबते आहे. ऊर्जानगरच्या २९२० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा चक्कीत जातो तो नुसता ओतला जात नाही. फीडरच्या पट्ट्यावर किती वजन आहे आणि पट्टा किती वेगानं सरकतो आहे, यांचा गुणाकार सतत चालू असतो. कोळसा हलका पडला की पट्टा वेग वाढवतो. गडचांदूर-आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांत चुनखडीचा हिशेब असाच लागतो. बल्लारपूरच्या कागद गिरणीत तर हे डोळ्यांनी दिसावं असं काम. १९४५मध्ये स्थापन झालेल्या त्या कंपनीनं याच जंगलांतल्या बांबूचा लगदा केला. लगद्याचं पातळ पाणी धावत्या जाळीवर पडतं. जाळीचा वेग वाढवला आणि लगदा तेवढाच ठेवला तर कागद पातळ, लगदा वाढवून जाळी तीच ठेवली तर जाड. इथले फिटर आणि इन्स्ट्रुमेंटवाले हे गणित जगत आले. त्यांच्या मुलाला रोबोच्या ॲनालॉगचं पान समजायला अडचण पडू नये.

सुरक्षेचंही तेच. वीज केंद्रातला किंवा खाणीतला माणूस यंत्राला हात लावण्याआधी विचारतो, ‘परमिट घेतलं का?’ शटडाऊन, कुलूप, कुलपावर नावाची पाटी, किल्ली स्वतःच्या खिशात. रोबोच्या सेलमध्ये, म्हणजे कुंपणाच्या आत, शिरतानाही हीच शिस्त लागते. नव्या यंत्राला जुनीच शिस्त पुरते, ही बाब आपल्या प्रशिक्षणात फारशी कुणी सांगत नाही. सगळा भर पडद्यावरच्या चित्रांवर असतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं आणि आता टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्यानं नव्या यंत्रतंत्राचं प्रशिक्षण केंद्रही विद्यापीठानं हाती घेतलं. धानाच्या बांधीत रोवणा करून आलेली पोरं-पोरी अशा केंद्रात पेंडंट धरतील. त्यांना शिकवणाऱ्यांनी पहिला दिवस प्रोग्रामवर घालवू नये असं मला वाटतं. ओव्हरराइड दहा टक्के, टी-वन मोड, पाठ भिंतीला किंवा कुंपणाला टेकलेली नाही, परतीची वाट मोकळी, नजर पेंडंटवर नाही तर हातावर. एवढं करून एकेक सांधा हलवायचा. असं हलवताना, म्हणजे जॉग करताना, रोबो भलत्याच दिशेला गेला तर घाबरून उलटं बटण शोधू नये, पट्टी सोडावी. इमर्जन्सीचं लाल बटण मुद्दाम दाबून पाहावं, दार मुद्दाम उघडून पाहावं. थांबतो ना, ही खात्री स्वतःच्या डोळ्यांनी.

मग कप आणि वजनकाटा. तारेवर दोन व्होल्ट ठेवून दहा सेकंद माल कपात सोडायचा, वजन वहीत. मग पाच व्होल्ट, मग आठ. आकडे सरळ रेषेत येत नाहीत. घट्ट माल कमी दाबाला अडून बसतो आणि जास्त दाबाला अपेक्षेपेक्षा सैल होऊन धावतो. ती वाकडी रेघ कंट्रोलरमध्ये भरली की मूठ तयार होते. आणि चंद्रपुरात ही वही एकदा लिहून भागणार नाही. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सकाळच्या पाळीत मधासारखं असलेलं सीलंट दुपारी पातळ होतं. वेग तोच, व्होल्ट तेच, बीड मात्र पसरलेलं. दुपारच्या पाळीला कप पुन्हा काट्यावर ठेवावा लागेल.