माशीचे नाव कसे ठरते?

आंबा कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या दिसल्या, की आपण ‘फळ किडले’ एवढेच म्हणतो आणि ते टाकून देतो. बागायतदाराचे मात्र एवढ्याने भागत नाही. ती अळी कोणत्या माशीची, ती माशी आणखी कोणत्या फळांवर जगते, कोणत्या देशांत आढळते आणि कोणत्या सापळ्यात सापडते, या प्रश्नांवर त्याचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते. या सर्व प्रश्नांची उत्तरे मिळवण्याची पहिली पायरी म्हणजे त्या माशीचे अचूक नाव. नाव समजले, तरच तिच्याविषयी जगभर जमलेले ज्ञान हाती लागते. नाव चुकले, तर भलत्याच माशीचे ज्ञान हाती लागते. हे नाव बहुधा शेतात ठरत नाही. ते ठरते संग्रहालयात, टाचणीवर टोचलेल्या एका सुकलेल्या नमुन्यापाशी. कसे, ते प्रस्तुत लेखात पाहू.

माशी कोणास म्हणावे?

मराठीत ‘माशी’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. मधमाशी ही शास्त्रीय अर्थाने माशी नव्हे. तिला चार पंख असतात आणि मुंग्या व गांधीलमाश्या ज्या गणात येतात, त्याच गणात तिची गणना होते. याउलट डासाला किंवा चिलटाला आपण माशी म्हणत नाही. पण हे दोघेही माश्यांच्याच गणातील आहेत. या गणाची खूण अगदी स्पष्ट आहे. उडण्यासाठी पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी टोकाला गाठ असलेले दोन बारीक दांडे उरलेले असतात आणि उडताना तोल सांभाळण्याचे काम ते करतात. म्हणूनच या गणाला डिप्टेरा, म्हणजे द्विपंखी, असे नाव आहे. हा शब्द ॲरिस्टॉटलच्या काळापासून चालत आला आहे. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस यांच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली आणि प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ तेथून मानला जातो. आपल्या घरातील माशीचे ‘मस्का डोमेस्टिका’ हे नाव त्याच ग्रंथातील आहे. आज द्विपंखी कीटकांच्या दीड लाखाहून अधिक जातींना नावे मिळालेली आहेत आणि निनावी जाती अजून पुष्कळ आहेत.

येथे ‘जाती’ हा शब्द केवळ जीवशास्त्रीय अर्थाने घ्यावयाचा आहे. माणसामाणसांत भेद करणाऱ्या सामाजिक जातीशी त्याचा काहीही संबंध नाही. ज्या जीवांचे निसर्गात आपसांत मीलन होते आणि ज्यांची संततीही प्रजननक्षम असते, त्यांचा समूह म्हणजे एक जाती, अशी सर्वसाधारण व्याख्या आहे. जगातील सर्व माणसे मिळून अशी एकच जाती होते. पण या व्याख्येतच वर्गीकरण करणाऱ्याची अडचण दडलेली आहे. त्याच्यापुढे असतो मृत नमुना. मृत माशी कोणाशी मीलन करते, हे पाहता येत नाही. शरीराच्या खुणांवरून त्याला जिवंत समूहाचे अनुमान करावे लागते.

टाचणीवरचा नमुना

हे अनुमान भक्कम व्हावे म्हणून नमुना फार काळजीने तयार करतात. माशीच्या छातीत टाचणी टोचतात ती मध्यरेषेच्या थोडी उजवीकडे. माशीच्या अंगावरील ताठ केस ठरावीक जागी आणि ठरावीक संख्येने असतात व ओळखीसाठी ते फार महत्त्वाचे ठरतात. टाचणीने उजवीकडचा एखादा केस नष्ट झाला, तरी डावी बाजू शाबूत राहावी, हा त्यामागील हेतू. फार लहान माश्या बारीक सुईवर घेतात किंवा कागदाच्या निमुळत्या तुकड्याच्या टोकावर चिकटवतात.

यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण सुरू होते. पंखांतील शिरा कोठे मिळतात, शृंगिकांचा आकार कसा आहे, छातीवर पट्टे किती आहेत, पायांचा रंग कोणता आहे, हे एकेक करून पाहिले जाते. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या माश्यांमध्ये निर्णायक फरक बहुधा नराच्या जननेंद्रियांत आढळतो. त्यासाठी पोटाचे टोक काढून सौम्य दाहक द्रावणात ठेवतात. मऊ भाग विरघळतात आणि कठीण भाग स्पष्ट दिसू लागतात. परीक्षण झाल्यावर हा भाग ग्लिसरीन भरलेल्या इवल्याशा कुपीत घालून त्याच टाचणीला अडकवतात, म्हणजे माशी आणि तिचा अवयव यांची ताटातूट होत नाही.

टाचणीवर माशीखाली एक चिठ्ठी असते. नमुना कोठे मिळाला, कधी मिळाला आणि कोणी गोळा केला, या तीन गोष्टी तिच्यावर लिहिलेल्या असतात. चिठ्ठी नसलेली माशी कितीही सुंदर असली, तरी शास्त्राच्या दृष्टीने तिचे मोल फारच थोडे असते. पुढे कोणी ती ओळखली, की ओळखणाऱ्याच्या नावाची दुसरी चिठ्ठी जोडली जाते. आधीची चिठ्ठी चुकीची ठरली, तरी ती फाडून टाकत नाहीत. त्यामुळे एकाच टाचणीवर कधीकधी शतकभरातील मतांचा इतिहास वाचावयास मिळतो.

एक नाव, एक नमुना

आधी माहीत असलेल्या कोणत्याही जातीशी नमुना जुळत नाही, अशी खात्री पटली, तर संशोधक नवी जाती जाहीर करतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमसंहिता आहे. तिची सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव दोन शब्दांचे असावे लागते : पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या समूहाचा, आणि दुसरा त्या जातीचा. नाव वर्णनासह प्रसिद्ध व्हावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या नमुन्याच्या आधारे नाव दिले, तो नमुना स्पष्टपणे निर्देशित करावा लागतो. अशा एकमेव नमुन्याला होलोटाइप म्हणतात; मराठीत त्याला मूळ प्ररूप म्हणता येईल. बहुतेक संग्रहालयांत त्याला लाल चिठ्ठी लावतात.

शब्दांतील वर्णन अपुरे असू शकते, चित्र चुकू शकते, वर्णन करणाऱ्याने नेमकी महत्त्वाची खूण दुर्लक्षिलेली असू शकते. शंभर वर्षांनी शंका निघाली, तर ‘हे नाव नेमके कोणाचे?’ याचे उत्तर त्या नमुन्याकडे पुन्हा पाहूनच मिळते. नाव देणारा कितीही थोर असो, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सक्ती कोणावरही नसते. कोणीही यावे, नमुना पाहावा आणि पडताळा घ्यावा, अशी ही व्यवस्था आहे.

फळमाशीची शंभर वर्षे

या व्यवस्थेचा खरा कस लागला तो आंब्यावरील फळमाशीच्या बाबतीत. विसाव्या शतकाच्या आरंभी हान्स सॉटर या जर्मन संग्राहकाने फॉर्मोसा, म्हणजे आजचे तैवान, येथून असंख्य कीटक युरोपात पाठवले. त्यांतील फळमाश्यांचा अभ्यास व्हिएन्नाच्या फ्रीडरिश हेंडेल यांनी केला. हेंडेल हे पेशाने एका शाळेचे प्रमुख होते. १९१२ साली त्यांनी त्यांतील एका माशीला ‘डाकस डॉर्सॅलिस’ असे नाव दिले. पुढे ही जाती बॅक्ट्रोसेरा या प्रजातीत गेली आणि तिचे नाव ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस’ झाले. म्हणूनच आज या नावापुढे हेंडेल यांचे नाव कंसात लिहितात. जाती मूळ प्रजातीतून हलवली गेली आहे, असा त्या कंसाचा अर्थ.

आशियातील या माश्यांत रंगाचे आणि आकाराचे बरेच वैविध्य आढळू लागले. १९९४ मध्ये ड्रू आणि हॅनकॉक या अभ्यासकांनी या समूहाचा सविस्तर आढावा घेऊन अनेक नव्या जाती जाहीर केल्या. अंडी घालण्याच्या नळीची लांबी, पंखाच्या कडेवरील पट्टीची रुंदी अशा बारीक खुणा त्यांनी आधारभूत मानल्या. ‘पपाये’ आणि ‘फिलिपिनेन्सिस’ ही नावे त्यांतलीच. २००३ मध्ये केनियात अशीच एक माशी आढळली आणि पाहता पाहता आफ्रिकेत पसरली. श्रीलंकेतही सापडलेल्या या माशीला २००५ मध्ये ‘इन्व्हेडेन्स’, म्हणजे आक्रमण करणारी, असे नाव मिळाले.

आता व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. चार नावे म्हणजे चार वेगळ्या किडी. आणि प्रत्येक किडीसाठी प्रत्येक देशाचे आयातीचे वेगळे निर्बंध. फळमाशी हे फळांच्या व्यापारात किती मोठे संकट असते, हे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. पाठवलेल्या मालात फळमाश्या आढळल्यामुळे युरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंबा आणि चार भाज्यांची आयात थांबवली होती. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. शिवाय काही देशांत वंध्य केलेले नर सोडून माशीची संख्या कमी करतात. सोडलेले नर आणि रानातील माद्या एकाच जातीच्या नसतील, तर ही सारी मेहनत वाया जाते.

म्हणून अनेक देशांतील संशोधकांनी मिळून फेरतपासणी केली. नमुन्यांची मोजमापे पुन्हा घेतली, आनुवंशिक द्रव्याची तुलना केली, नरांच्या गंधद्रव्यांचे पृथक्करण केले. आणि मृत नमुन्यावरून जे कधीच कळले नसते, तेही पाहिले. वेगवेगळ्या नावांच्या माश्या एकत्र ठेवल्या. त्यांचे मुक्तपणे मीलन झाले आणि त्यांची संतती प्रजननक्षम निघाली. २०१५ मध्ये ‘पपाये’, ‘फिलिपिनेन्सिस’ आणि ‘इन्व्हेडेन्स’ ही तिन्ही नावे ‘डॉर्सॅलिस’मध्ये विलीन झाली. सर्वांत जुने नाव टिकावे, या अग्रक्रमाच्या नियमाने हेंडेल यांचे १९१२ चे नाव कायम राहिले. ‘कॅरांबोले’ नावाची जवळची जाती मात्र याच तपासणीत वेगळी ठरली. या निर्णयाशी सहमत नसलेले अभ्यासकही आहेत. त्यांनाही आपले म्हणणे त्याच नमुन्यांच्या आधारे मांडावे लागते.

यावरून १९९४ चे काम व्यर्थ होते, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. नमुने जपले नसते आणि फरक नेमक्या शब्दांत नोंदवले नसते, तर पुढे तपासण्यासारखे काही उरलेच नसते. जातीचे नाव हे सप्रमाण मांडलेले अनुमान असते. नवा पुरावा आला, की ते दुरुस्त करता येते.

नियम आणि विवेक

अग्रक्रमाचा नियमही आंधळेपणाने चालत नाही. जर्मनीचे योहान मायगेन हे माश्यांच्या अभ्यासाचे एक आद्य प्रवर्तक. त्यांनी १८०० साली एका पुस्तिकेत माश्यांच्या प्रजातींना नावे दिली आणि १८०३ मध्ये त्यांतील अनेकींना वेगळी नावे दिली. जगात रूढ झाली ती नंतरची नावे. १९०८ मध्ये हेंडेल यांनीच ती विस्मृतीत गेलेली पुस्तिका उजेडात आणली. काहींनी जुनी नावे स्वीकारली, तर काहींनी नाकारली, आणि एकाच माशीला दोन नावांनी ओळखण्याचा गोंधळ अर्धशतक चालला. अखेर १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने १८०० ची पुस्तिका नामकरणापुरती रद्द ठरवली. नियम संवादासाठी असतात. त्यांमुळे संवादच तुटू लागला, तर अपवाद करावा लागतो, हे त्या निर्णयाने मान्य केले.

वाळूमाशी आणि काळा आजार

नावाचे मोल कधीकधी माणसाच्या प्राणांशी जोडलेले असते. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील नेल्सन ॲनंडेल आणि माश्यांचे अभ्यासक एन्रिको ब्रुनेटी यांनी १९०८ मध्ये एका वाळूमाशीला ‘फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस’ असे नाव दिले. ‘अर्जेंटिपेस’ म्हणजे चंदेरी पायांची. पुढे १९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था स्थापन झाली आणि ॲनंडेल तिचे पहिले संचालक झाले. १९०८ मध्ये हे नाव म्हणजे एका चिमुकल्या, केसाळ कीटकाची नोंद एवढेच होते. काळा आजार या जीवघेण्या रोगाचा प्रसार कसा होतो, हे कोडे तेव्हा सुटलेले नव्हते. १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसाममध्ये स्वयंसेवकांच्या साहाय्याने सिद्ध केले, की हा रोग याच वाळूमाशीच्या चाव्यातून पसरतो. वाळूमाश्यांच्या अनेक जाती साध्या डोळ्यांना एकसारख्याच दिसतात. त्यांतील दोषी कोणती, हे जगाला निःसंदिग्धपणे सांगता आले. कारण तिला आधीच नाव मिळालेले होते.

जतनाचे कर्तव्य

अशी अनेक नावे अजून संग्रहालयांच्या खणांत वाट पाहत आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, नव्या जातीचा नमुना गोळा झाल्यापासून तिला नाव मिळेपर्यंत सरासरी सुमारे २१ वर्षे जातात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये १९८१ साली पकडलेली, पोटावर सोनेरी लव असलेली एक गोमाशी तीस वर्षे संग्रहात पडून होती. २०११ मध्ये ब्रायन लेसर्ड या तरुण संशोधकाने तिचे वर्णन केले आणि गायिका बियॉन्से यांच्यावरून तिला ‘बियॉन्सेये’ असे नाव दिले. या नावामुळे माश्यांच्या वर्गीकरणाकडे जगभरातील वृत्तपत्रांचे लक्ष गेले.

पण खणात वाट पाहणारा प्रत्येक नमुना इतका भाग्यवान नसतो. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली आणि कीटकांच्या संग्रहाचा फार मोठा भाग जळाला. आग एकाच रात्रीत दिसते; दमट हवा, बुरशी आणि सुकलेले नमुने खाणारे बारीक भुंगेरे हे मात्र रोज काम करत असतात. त्यांच्यापासून नमुने वाचवणाऱ्या कर्मचाऱ्यांचे नाव कोणत्याही माशीला क्वचितच मिळते. परंतु त्यांच्यावाचून एकही नाव टिकणार नाही.

आपल्या राज्यात पुण्याजवळ आकुर्डी येथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. सह्याद्रीच्या आणि पश्चिम भारताच्या प्राणिजीवनाचा अभ्यास तेथे चालतो. विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, या शास्त्राचा आरंभ करण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एक भिंग, एक वही आणि पाहिले तेवढेच लिहिण्याची सवय पुरेशी आहे. वसतिगृहाच्या अंगणात आढळलेल्या कीटकाचे नाव आज ठाऊक नसेल, तरी ठिकाण, दिनांक आणि आपले नाव नीट लिहून ठेवा. पुढे कधी ते नाव शोधू पाहणाऱ्या अभ्यासकाला त्याच तीन गोष्टी हव्या असतील.