बचावात्मक संघाविरुद्ध सेंटर-बॅकच्या चुका : भारत-बांगलादेश सामन्याच्या (२०१९) संदर्भात

प्रस्तावना :
बचावफळीची खरी परीक्षा बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सेंटर-बॅकच्या, म्हणजेच मध्यवर्ती बचावपटूच्या, अनेक गंभीर चुका स्वतःच्या गोलाजवळ दाटी करून खेळणाऱ्या सावध संघासमोर घडतात. प्रस्तुत लेखात या चुकांची कारणे एका खेळाडूत न शोधता संघाच्या मांडणीत शोधली आहेत.

सामन्याचा दाखला :
विश्वचषक पात्रता फेरीत १० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथे भारताने आशियाई विजेत्या कतारला ०-० असे रोखले. संदेश झिंगन व गोव्याचा आदिल खान ही जोडी त्या दिवशी बहुतांश वेळ आपल्याच पेनल्टी क्षेत्राजवळ उभी होती. १५ ऑक्टोबरला कोलकात्यात मात्र भूमिका उलटल्या. जागतिक क्रमवारीत भारत १०४ वा, तर बांगलादेश १८७ वा होता. झिंगन जखमी असल्याने आदिलसोबत अनस एडाथोडिका खेळला. ४२ व्या मिनिटाला जमाल भुयानच्या फ्री किकवर गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूचा अंदाज चुकला आणि दूरच्या खांबाजवळ मोकळ्या राहिलेल्या साद उद्दीनने हेडरद्वारे गोल केला. उत्तरार्धात प्रतिहल्ल्यातून गोलात जाणारा चेंडू आदिलने गोलरेषेवरून परतवला. ८८ व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर त्यानेच बरोबरीचा गोल नोंदविला. दोघेही गोव्याचे, हा योगायोग.

चुकीचे स्वरूप :
कतारविरुद्ध चेंडू व प्रतिस्पर्धी दोन्ही बचावपटूच्या समोर होते आणि पाठीमागे जागाच नव्हती. सावध संघाविरुद्ध तोच खेळाडू मध्यरेषेपर्यंत पुढे येतो व त्याच्या मागे सुमारे ५० मीटर मैदान मोकळे राहते. शिवाय स्वतःच्या अर्ध्या भागात उभ्या असलेल्या आघाडीपटूला ऑफसाइडचा नियम लागू होत नाही. त्यामुळे एक लांब पास पुरेसा ठरतो. अशा वेळी दोन चुका हमखास होतात. पहिली, हल्ल्याच्या ओढीने दोन्ही सेंटर-बॅक एकाच वेळी पुढे सरकतात. दुसरी अधिक महाग पडते : आघाडीपटूला थोपवून सहकारी परतेपर्यंत वेळ काढण्याऐवजी बचावपटू तत्काळ चेंडूवर झेपावतो. चेंडू हुकला की मागे केवळ गोलरक्षक उरतो. प्रतिस्पर्धी पडला की फ्री किक मिळते आणि सावध संघ नेमकी हीच संधी शोधत असतो. दीर्घकाळ काम नसल्याने येणारी शिथिलता हेही एक कारण आहेच. परंतु प्रशिक्षक तेवढेच सांगतात.

आंतरमहाविद्यालयीन संदर्भ :
बडनेरा-अमरावती परिसरातील आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतही एखादा संघ बरोबरीसाठी खेळू लागला की हीच परिस्थिती उद्भवते. पराभवानंतर दोष त्या एका विद्यार्थ्यावर येतो. वास्तविक चेंडू गमावला जाईल त्या क्षणी मागे कोण असेल, हे हल्ल्यापूर्वीच ठरलेले असावे. दोन्ही साइड-बॅक एकाच वेळी पुढे जाऊ नयेत आणि एक मध्यरक्षक सेंटर-बॅकच्या पुढ्यात थांबावा. सरावात बचावफळीला केवळ हल्ले परतविण्यास लावले जाते. मध्यरेषेवरून मागे धावत बचाव करण्याचा सराव क्वचितच होतो.

७ जून २०२१ रोजी दोह्यात भारत व बांगलादेश पुन्हा समोरासमोर आले. भारताने २-० असा विजय मिळविला. सुनील छेत्रीचा पहिला गोल ७९ व्या मिनिटाला झाला; तोपर्यंत भारताच्या गोलातही चेंडू गेलेला नव्हता.