जुनी मोटार आणि दुहेरी इंधन

1999 साली परभणीपासून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात जुनी पेट्रोल मोटार ही अनेकांच्या पोटापाण्याचे साधन आहे. पेट्रोलच्या खर्चाने मेटाकुटीस आलेल्या मालकापुढे प्रश्न असतो तो मोटार निव्वळ सीएनजीवर करावी की दोन्ही इंधनांवर, हा.

तत्त्वतः पहिल्या पर्यायाची बाजू भक्कम आहे. पेट्रोलचे इंजिन गॅसवर थोडे मंदावते. पण गॅसचे ऑक्टेनमान अधिक असल्याने कॉम्प्रेशन वाढवून ही ताकद बरीचशी भरून काढता येते. मात्र जुन्या इंजिनात हा बदल खर्चिक. तो न करता नुसती पेट्रोलची टाकी काढणे म्हणजे असलेली सोयही घालविणे होय. सर्वोच्च न्यायालयाच्या 1998 च्या आदेशानंतर दिल्लीच्या बसगाड्या केवळ सीएनजीवर आल्या खऱ्या. परंतु त्या शहरात फिरून आगारात परतणाऱ्या. सेनगावहून आडगावी रुग्ण आणावयास निघालेल्या मोटारीस वाटेत गॅस मिळेल, याची हमी कोण देणार? तेव्हा येथे दुहेरी इंधनच शहाणपणाचे. टाकीतले चार लिटर पेट्रोल हा एक विमाच समजावा. अर्थात बचत किलोमीटरगणिक होते. महिन्यातून दोनदा निघणाऱ्या मोटारीकडून कीटचा खर्च फिटणे कठीण.

घरगुती सिलिंडर डिकीत ठेवून मोटार चालविण्याची तिसरी वाट बेकायदा तर आहेच, शिवाय जिवावर बेतणारी आहे. मान्यताप्राप्त कीट, नोंदणी पुस्तकात इंधनबदलाची नोंद आणि गॅसटाकीची दर 3 वर्षांनी दाबचाचणी यांना पर्याय नाही. या चाचणीसाठी परजिल्ह्यात जावे लागणार असेल, तर तो हेलपाटाही खर्चात धरलेला बरा.