बोटांना मुंग्या आणि नवा कीबोर्ड

मागच्या पावसाळ्यात, रोवणी ऐन जोरात असताना, मुर्रीतील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. सोबत मुलीची आईही होती. मुलगी मराठी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करीत होती. क्लासमधला एक तास पुरत नाही म्हणून घरी लॅपटॉपवर रोज तीन-चार तास सराव चाले. दोन महिन्यांपासून तिच्या बोटांना रात्री मुंग्या येत होत्या. झोपेतून उठून हात झटकावे, तेव्हा कुठे बरे वाटे.

वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दुकानदार म्हणतो वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड घ्या, हाताचा त्रास जाईल. काही हजारांचा आहे. घेऊ का?"

हा प्रश्न आता अनेक पालक विचारतात. राज्य परीक्षा परिषदेची टायपिंग परीक्षा आता संगणकावर होते. लिपिक-टंकलेखकाच्या सरकारी नोकरीसाठी मराठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. राइस मिलच्या हिशेबापासून ऑनलाइन सेवा केंद्रापर्यंत सगळीकडे बोटे कीबोर्डवरच असतात. म्हणून आजच्या लेखात हा कीबोर्ड कोणी घ्यावा, कसा निवडावा आणि त्याने हाताचे काय बरे होते व काय होत नाही, ते पाहू.

मुंग्या का येतात?

आपल्या मनगटात तळहाताच्या बाजूला हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो. बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे कंडरा, आणि एक महत्त्वाची नस या बोगद्यातून जातात. मनगट वर किंवा खाली वाकलेले राहिले, अथवा कंडरांना सूज आली, की जागा कमी पडते आणि नस दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग या नसेच्या ताब्यात असतो. म्हणून मुंग्या तिथेच येतात आणि करंगळी सुटते. वैद्यकीय भाषेत याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. करंगळीलाच मुंग्या येत असतील तर दोष बहुधा कोपरात किंवा मानेत शोधावा लागतो.

हा विकार कीबोर्डमुळेच होतो असे सरसकट म्हणता येत नाही. जोर लावून तेच ते काम करणे, मनगट सतत वाकलेले ठेवणे आणि थरथरणारी यंत्रे हाताळणे यांच्याशी त्याचा संबंध अधिक पक्का आहे. मधुमेह, थायरॉईडची कमतरता, वाढलेले वजन आणि गरोदरपण यांतही तो दिसतो. म्हणून कीबोर्ड बदलण्याआधी रक्तातील साखर आणि थायरॉईड तपासून घेणे शहाणपणाचे असते.

मेकॅनिकल म्हणजे काय?

गोदरेजने १९५५ साली भारतात टाईपरायटर बनवायला सुरुवात केली. त्या यंत्रांवर ज्यांनी हात बसवला त्यांना आठवत असेल, प्रत्येक अक्षरासाठी कळ जोरात ठोकावी लागे. मात्र ओळ संपली की घंटी वाजे, गाडा परत ढकलावा लागे, पान संपले की नवा कागद चढवावा लागे. त्या निमित्ताने हाताला आपोआप विश्रांती मिळत असे. संगणकाने जोर कमी केला, पण ही विश्रांतीही काढून घेतली.

आजच्या साध्या कीबोर्डमध्ये कळांखाली रबराचा पडदा असतो. कळ तळापर्यंत दाबली की अक्षर उमटते. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्प्रिंग असलेले स्वतंत्र बटण असते. कळ साधारण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर २ मिलिमीटरवरच, म्हणजे अर्ध्या वाटेत उमटते. तळाला आपटण्याची गरजच नसते. ज्याचा हात हलका आहे त्याची बोटे यावर कमी थकतात. परंतु ज्याला ठोकण्याची सवय आहे तो हजारो रुपये खर्चूनही ठोकतच राहील. मग कीबोर्ड बदलून उपयोग काय?

बटणांचे तीन प्रकार असतात आणि दुकानात ते रंगांनी ओळखले जातात. चेरी या जर्मन कंपनीने हे रंग रूढ केले. तिच्या लाल बटणाची कळ सरळ खाली जाते आणि साधारण ४५ ग्रॅम भाराने अक्षर उमटते. तपकिरी बटणात अक्षर उमटताना बोटाला हलका उंचवटा जाणवतो. निळ्या बटणात तो उंचवटाही असतो आणि टक् असा आवाजही होतो. इतर कंपन्यांचे रंग बहुधा असेच असतात, तरी बोटाने दाबून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

शिकणाऱ्यासाठी मला तपकिरी प्रकार योग्य वाटतो. अक्षर उमटल्याचे बोटाला कळते, त्यामुळे कळ तळापर्यंत दाबण्याची सवय सुटते. निळ्याचा आवाज कानाला अपायकारक नसला तरी दोन खोल्यांच्या घरात रात्री सराव केलात तर आजी-आजोबांची झोप जाईल.

वायरलेसचा खरा फायदा

लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळा एकमेकांना जोडलेल्या असतात. कळा हाताला सोयीच्या उंचीवर ठेवल्या तर पडदा खाली जातो आणि मान वाकते. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात खांद्यापर्यंत उचलावे लागतात. वेगळा कीबोर्ड घेतला की हे भांडण मिटते. लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवावा आणि कीबोर्ड खाली कोपराच्या उंचीवर. हे काम वायरचा साधा कीबोर्डही करतो. वायरलेसने एवढेच होते की तो हवा तसा सरकवता येतो आणि लहान टेबलावर वायरीचा गुंता होत नाही.

वायरलेसमधून निघणाऱ्या किरणांची भीती अनेकांना वाटते. या लहरी रेडिओ लहरींच्या जातीच्या असतात, एक्स-रेच्या नव्हेत. कीबोर्डमधील ब्लूटूथची शक्ती साधारणतः काही मिलिवॉट असते, कानाला लावलेल्या मोबाईलपेक्षा कितीतरी कमी. या कारणासाठी कीबोर्ड नाकारू नये. मात्र घरात लहान मूल असेल तर संगणकात खोचायचे चिमुकले रिसीव्हर आणि सुटे सेल त्याच्या हाती लागू देऊ नका. मूल ते तोंडात घालते. चार्ज होणारी बॅटरी फुगलेली दिसली तर कीबोर्ड वापरणे आणि चार्ज करणे ताबडतोब बंद करावे.

घेताना काय पाहावे?

१. उंची. मेकॅनिकल कीबोर्ड साध्यापेक्षा जाड असतात. समोरची कड उंच असली की मनगट मागे वाकते आणि ज्या त्रासासाठी कीबोर्ड घेतला तोच वाढतो. शक्यतो कमी उंचीचा घ्या, नाहीतर समोर मनगटाएवढ्या उंचीची घडी किंवा पट्टी ठेवा. त्या पट्टीवर हात फक्त थांबताना टेकवावा, टाईप करताना नव्हे.

२. लांबी. उजवीकडे आकड्यांचा वेगळा गट नसलेला कीबोर्ड आखूड असतो. त्यामुळे माऊस जवळ राहतो आणि उजवा खांदा ताणला जात नाही. हिशेबाचे काम करणाऱ्यांना मात्र आकड्यांचा गट लागतोच, त्यांनी पूर्ण कीबोर्ड घ्यावा.

३. जोडणी. ब्लूटूथ, रिसीव्हर आणि वायर अशा तिन्ही प्रकारे चालणारा असल्यास उत्तम. वीज गेली आणि बॅटरीही उतरली तर लॅपटॉपला वायर लावून काम पुढे चालते. कळांखालचे रंगीत दिवे बॅटरी लवकर संपवतात, ते बंद ठेवा.

४. मराठी अक्षरे. बहुतेक मेकॅनिकल कीबोर्डवर फक्त इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. नवशिक्यांनी देवनागरी स्टिकर लावून घ्यावेत.

५. परीक्षा. केंद्रावर तेथील कीबोर्ड वापरावा लागतो आणि तो बहुधा साधाच असतो. म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस साध्या कीबोर्डवरही सराव ठेवावा.

वापरताना काय करावे?

कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन लहान पाय असतात. ते उघडले की अक्षरे नीट दिसतात, पण मनगट मागे वाकते. ते पाय मिटूनच ठेवा. कोपर काटकोनात, खांदे सैल आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ असावे. टेबल उंच असेल तर खुर्चीवर गोधडीची घडी घालून बसा आणि पायांखाली पाट घ्या. पलंगावर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप ठेवून केलेला सराव मान आणि मनगट दोन्हींना बाधतो.

मराठी टायपिंगमध्ये शिफ्टची कळ फार लागते. इनस्क्रिप्ट पद्धतीत ख, घ, छ, झ ही अक्षरे शिफ्ट दाबूनच येतात. अक्षर उजव्या हाताचे असेल तर शिफ्ट डाव्या हाताने दाबावी. एकाच हाताने दोन्ही दाबताना करंगळी ताणली जाते आणि मनगट बाहेर वळते.

वीस-पंचवीस मिनिटांनी हात कीबोर्डवरून काढा, मुठी दोन-चार वेळा उघडा-मिटा, उठून पाणी प्या. चार तास सलग बसण्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे पाडलेले बरे. वेगही त्यानेच वाढतो, कारण थकलेली बोटे चुका करतात.

त्या मुलीला मी लगेच कीबोर्ड घ्यायला सांगितले नाही. तिची साखर आणि थायरॉईड ठीक निघाले. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला दिला, सरावाचे तुकडे पाडायला सांगितले आणि शेजारच्यांकडून जुना वायरचा कीबोर्ड मागून आणायला लावला. लॅपटॉप पुस्तकांवर चढला. दीड महिन्यात रात्रीच्या मुंग्या गेल्या. नंतर वडिलांनी हौसेने तपकिरी बटणांचा, कमी उंचीचा वायरलेस कीबोर्ड घेतला. मी हरकत घेतली नाही. तोपर्यंत तिचा हात हलका झाला होता.

आईचा हात

पण हा लेख लिहावासा वाटला तो वेगळ्याच कारणाने. मुलीचा हात तपासताना मी दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटे खाली करून मिनिटभर धरायला सांगितले होते. नस दाबली जात असेल तर यात मुंग्या येतात. शेजारी बसलेल्या आईने सहज तसेच करून पाहिले आणि काही सेकंदांत हात सोडून दिले. मी तिचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तिथे खळगा पडला होता. सदऱ्याचे बटण तिला चिमटीत धरता येत नव्हते.

वीस वर्षे बिड्या वळणारे हात होते ते. तेंदूपत्ता कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे, दिवसभर तेच. पावसाळ्यात त्यात रोवणीची भर. चार वर्षांपासून हात बधिर होत होते, भांडी हातून पडत होती. का सांगितले नाही, असे विचारले तर म्हणाली, "कामाचे हात आहेत, दुखणारच."

तपासणीत तिची साखरही वाढलेली निघाली. नसेची तपासणी करून तिला शस्त्रक्रियेसाठी पाठवले. ही शस्त्रक्रिया लहान असते. बोगद्यावरचा पट्टा कापून नस मोकळी करतात. आता तिला रात्री झोप लागते. परंतु अंगठ्याची गेलेली ताकद पूर्ण परत आली नाही. चार वर्षे आधी आली असती तर कदाचित पट्ट्यावर, किंवा मनगटात एखादे इंजेक्शन देऊन भागले असते.

वाचकहो, टायपिंग करणाऱ्याचा हात दुखला की घरात चर्चा होते, नवा कीबोर्ड येतो. बिडी वळणाऱ्या, धान रोवणाऱ्या, शिलाई मशीन चालवणाऱ्या हातांना तोच रोग होतो आणि त्याची कोणी चौकशीही करीत नाही. म्हणून आज रात्री घरातल्या सर्वांना एक प्रश्न विचारा: झोपेत हात बधिर होऊन जाग येते का? उत्तर होय असेल आणि दोन-तीन आठवडे तसेच चालले असेल तर डॉक्टरांना दाखवा. हातातून वस्तू पडत असतील, अंगठ्याचा उंचवटा बसला असेल, सकाळी बोटांचे सांधे सुजून ताठरत असतील, किंवा हातांबरोबर चालतानाही तोल जात असेल, तर तेवढेही थांबू नका. नुसत्या दुखण्याच्या गोळ्या घेऊन दाबलेली नस सुटत नाही.

कीबोर्ड अवश्य घ्या, ऐपत असेल तर चांगला घ्या. पण आधी हात दाखवा, मग दुकानात जा.